चामडी, नोझल आणि मोरचूद

ऐंशीच्या दशकात निफाड-दिंडोरीकडे वाढलेल्या आम्हा द्राक्षवाल्यांच्या पोरांची दिवाळी फवारणीतच जायची. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट निघालेली आणि पहाटे दव पडू लागलेलं. डावणी या बुरशीजन्य रोगाला आणखी काय हवं? ती एकदा घडावर उतरली की वर्षाची कमाई गेली, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

आदल्या रात्री आई-काकू मोरचुदाची पुरचुंडी लाकडी पिंपातल्या पाण्यात वरच्यावर टांगून ठेवायच्या. तळाशी टाकलेला मोरचूद लवकर विरघळत नाही. वर टांगला की निळं जड पाणी आपसूक खाली उतरतं. दुसऱ्या पिंपात चुना भिजत असे. १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, हा बोर्डो मिश्रणाचा हिशोब काकूंना तोंडपाठ. मिश्रण झालं की आजोबा विळ्याचं पातं त्यात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना पडायचा. पातं स्वच्छ निघालं की मगच पंप भरायचा. लोखंडावर चढणारं तेच तांबं कोवळं पानही जाळतं. मोरचूद लोखंड खातो, म्हणून पंपाची टाकी पितळेची.

पाठीवरचा १६ लिटरचा पंप वांगी-टोमॅटोला पुरायचा. मांडवावरच्या द्राक्षाला दाब हवा, तिथे पायाचा पंप. एक गडी पाय मारायचा, वडील नोझल धरायचे आणि नळी मांडवाच्या अँगलला अडकू न देणं हे आम्हा भावंडांचं काम. हंगाम संपला की आजोबा पंप उघडायचे, आतला चामड्याचा वॉशर, म्हणजे चामडी, गोडेतेलात भिजवायचे. सुकलेली चामडी दाब धरत नाही.

पंप घ्यायला गेले की आजोबा किंमत शेवटी विचारायचे. आधी विचारायचे, चामडी आणि नोझलची चकती तालुक्याला मिळते का? भरलेला पंप पाठीवर कोण घेणार? पाणीच १६ किलो. वर पंपाचं वजन धरलं की वीसच्या पुढे जातं. पुढे तणनाशकं आली तेव्हा त्यांचा पंप वेगळा ठेवायचा, हा घरचा नियम झाला. टाकीत राहिलेला थोडा अंशसुद्धा बागेला भोवतो.

मग एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा यांत्रिक पंप आला. तीन पिस्टनमुळे दाब एकसारखा, आणि पाय मारणारा गडी सुटला. त्यानंतर ट्रॅक्टरचा ब्लोअर. त्याची हवा पानं उलटीपालटी करते. डावणी पानाच्या खालच्या बाजूने शिरते, म्हणून औषध तिथे पोचणं मोलाचं.

त्या दिवसांवर आमचा जीव आहे, तरी एक गोष्ट तेव्हा चुकीचीच होती. तोंडाला कपडा नाही, हातात मोजे नाहीत, आणि नळीपाशी आम्ही पोरं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि अंगावर येणारे बारीक तुषार, यांचीही तेव्हा चर्चा झाली.

आता पंप आमची मुलं निवडतात. बॅटरीचा घ्या, ब्लोअर घ्या, ड्रोन लावा. औषध पानाखाली पोचतं का आणि फवारणारा माणूस तुषारांच्या बाहेर राहतो का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत दुकानात पैसे मोजू नका, एवढंच त्यांना सांगणं आहे.