अण्णांचं तिकीट

१९७४ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि टेनिस म्हणजे जीव की प्राण. त्या वर्षी डेव्हिस चषकात विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं, मग पुण्यात सोव्हिएत संघाला. पुण्याच्या मामांचं त्या लढतीवरचं चार पानी पत्र मी लष्करातल्या आमच्या वाड्यात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. (ग्वाल्हेरचं लष्कर बरं का, फौजेचं नव्हे.)

अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच त्यांच्याकडे गेला. त्या रात्री मी जेवलो नाही. अण्णा म्हणाले, "कातडीचा रंग पाहून माणसाला बाकावर बसू देत नाहीत, त्यांच्याशी कसला खेळ?"

"मग खेळून हरवायचं ना, अण्णा!"

"त्यांच्याशी व्यापार १९४६ पासून बंद आहे. टेनिस काय सोवळ्यातलं आहे?"

आठवडाभर आमचा अबोला होता. तो चषक आजवर आपल्याकडे आलेला नाही. १९८७ साली पुन्हा अंतिम फेरीत हरलो, तेव्हाही मला १९७४च आठवलं.

पुढे १९९१ साली क्रिकेटमधली बंदी उठली. एकवीस वर्षांनी मैदानात उतरलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ १० नोव्हेंबरला कलकत्त्यात खेळला आणि १२ तारखेला चक्क आमच्या गावात, रूपसिंह स्टेडियमवर! मी दोन तिकिटं आणली. अण्णा आले नाहीत. म्हणाले, "तिथल्या काळ्या माणसाला अजून मत नाही." मी सांगितलं, की मंडेलांच्या पक्षाचीच याला संमती आहे. "असेल. तू जाऊन ये."

आपण ३८ धावांनी जिंकलो. घरी येऊन मी श्रीकांत आणि सिद्धूचं कौतुक सांगत होतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या अकरा जणांत काळे किती होते?"

दिवसभर मैदानात बसून मी ते पाहिलंच नव्हतं. एकही नव्हता.

अण्णा १९९३ च्या थंडीत गेले. एप्रिल १९९४ मधल्या मतदानाच्या त्या लांबच लांब रांगा मी टीव्हीवर एकट्याने पाहिल्या.

आता नात क्रिकेट खेळते. २०२० साली अफगाणिस्तानच्या २५ मुलींना मंडळाने करार दिले होते, पुढच्याच वर्षी तालिबान आलं आणि बऱ्याच जणींना देश सोडावा लागला, हे तिनेच मला सांगितलं. ऑस्ट्रेलिया अफगाणिस्तानशी स्वतंत्र मालिका खेळत नाही, पण विश्वचषकात खेळतं. २०२३ साली वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ काढल्या त्या त्यांच्याचविरुद्ध. हे अर्धं सोवळं मला पटत नाही. पण पूर्ण बहिष्कार? दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा रग्बी-क्रिकेटवर जीव होता, म्हणून घाव वर्मी बसला. आणि बहिष्कार घाला, असं तिथले पीडितच सांगत होते. क्रिकेट बंद झालं म्हणून तालिबानला कसलं दुःख? शिक्षा होईल ती मुलींच्या शिक्षणासाठी जाहीर बोलणाऱ्या रशीद खानला.

हे सगळं मी नातीला समजावलं. "आणि त्या मुलींचं काय, आजोबा?" तिने विचारलं.

मग तिला १९७४ची गोष्ट सांगितली. ती अण्णांच्याच बाजूची निघाली.