मरशिडीचं दार

काकींचा निरोप आला तेव्हा मी उसाला पाणी पाजत होतो. वाड्यावरचा गडी बांधावरनंच ओरडला, "आण्णा, काकींनी बोलवलंय. मरशिडी दावायची हाय म्हणत्यात."

मरशिडी म्हणजे मर्सिडीज. आमच्या गावाने त्या गाडीचं नाव कधी नीट घेतलं नाही, पण मान मात्र नीट दिला. शिरोळ तालुक्यातलं आमचं नदीकाठचं गाव. 1985 साली वाड्यातल्या काकांनी ती मुंबईहून आणली. परदेशी वकिलातीत वापरलेल्या गाड्या त्या काळी सरकारी महामंडळामार्फत विकल्या जायच्या, त्यातली ती एक. 240 डी, डिझेलवर चालणारी, लोण्याच्या रंगाची. गाडी वेशीतनं आत आली तेव्हा शाळा सुटली होती, म्हणजे मास्तरांनीच सोडली होती. पुढं कित्येक वर्षांनी माझ्या भाच्याने मला सांगितलं की जर्मनीत ह्याच रंगाच्या ह्याच गाड्या टॅक्सी म्हणून फिरायच्या. मी त्याला म्हटलं, "गावात बोलू नगोस बाबा. काकांच्या मागं कशाला?"

काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. गाडी वाड्यामागं चिंचेखाली पत्र्याच्या छपरात उभी. छप्पर अर्धंच, त्यामुळं बॉनेट आणि टप उन्हात, मागची बाजू चिंचेच्या पानाखाली. वर पाखरांची घाण. त्यात साखर कारखाना चार किलोमीटरवर. हंगाम सुरू झाला की धुराड्यातनं भुशाची काळी राख उडते, ती अंगणातल्या वाळवणावर पडते आणि गाडीवरही पडते. मी गेलो आणि टपावर हात फिरवला. हात पांढरा झाला, भिंतीच्या चुन्यावरनं फिरवावा तसा.

काकी म्हणाल्या, "पुण्याचा एक माणूस घ्यायला येणाराय. जुन्या गाड्या ठेवतोय म्हणं. पण त्याला मूळचा रंग पाहिजे. नवा मारलेला नको म्हणतोय. तू ह्यातलं काम केलंयस, तूच बघ."

केलं होतं हे खरं. दहावी झाल्यावर 1978 साली मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका गॅरेजात रंगकामाला लागलो. दहा वर्षं केलं. आमचे उस्ताद मिरजेचे. त्यांनी पहिलं वर्षभर मला रंगाला हातच लावू दिला नाही. नुसतं घोटायला लावलं. पाणीपेपर बादलीत भिजवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि पत्रा घोटत बसायचं. बोटांची कातडी जायची. त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी मला दसरा चौकात नेलं. महाराजांची भगव्या रंगाची मेबॅक आली तेव्हा गर्दी महाराजांकडं बघत होती, उस्ताद मडगार्डाकडं. म्हणाले, "चकाकी रंगात नसती, पोरा. खालच्या कामात असती. रंग फक्त ती दाखवतो."

मी काकींना म्हटलं, दोन दिवसांनी सुरू करतो. इचलकरंजीत माझ्या भाच्याचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं दुकान आहे. त्याला मशीनसकट बोलावून घेतलं.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. कपड्याचा साबण लावायचा नाही, त्याने उरलंसुरलं तेलपण जातं. गाडीचा शाम्पू, दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. नाहीतर निघालेली माती परत गाडीवरच घासली जाते. ऊन उतरल्यावर, सावलीत. धुऊन कोरडी केली तरी हाताला खरखर लागत होती. ती कारखान्याची राख, रंगात रुतून बसलेली. भाच्याकडं एक मऊ मातीसारखा गोळा असतो, क्ले म्हणतात. शाम्पूचं पाणी मारून तो हलक्या हाताने फिरवला की रुतलेलं सगळं त्याला चिकटून येतं. पांढरा गोळा तासाभरात काळा झाला. आमच्या काळी हे नव्हतं. आम्ही रॉकेलचा बोळा फिरवायचो आणि देवाचं नाव घ्यायचो.

मग पांढऱ्या मार्किनवर थोडं कंपाउंड घेऊन डिकीच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी चोळून बघितलं. कापडाला पिवळा रंग आला. मला बरं वाटलं. कापडाला रंग आला म्हणजे वर वार्निशचा वेगळा थर नाही, रंगच वरपर्यंत आहे. असा रंग उन्हाने वरवर मरतो, त्याची भुकटी होते, पण ती भुकटी काढली की खाली जिवंत रंग सापडतो. वर वार्निशचा थर असता आणि तो सोलायला लागला असता, तर कितीही घासून उपयोग नव्हता. सोललेलं वार्निश पॉलिशने परत येत नाही, तिथं नवाच रंग मारावा लागतो.

पण जिवंत रंग तरी किती उरलाय? प्रत्येक घासणं म्हणजे थोडी कातडी जाणं. भाच्याकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, असं त्याने मला समजावलं. टप 110. बॉनेट 95. उजवी दारं 120 च्या आसपास. "कारखान्यातला रंग दिसतोय मामा," तो खुशीत म्हणाला. मी डिकीजवळ उभा होतो. तो डाव्या बाजूला गेला. पुढचं दार 115. मागच्या दाराला वरती 240. खाली नेलं आणि थांबला.

"हजाराच्या वर गेला की! लांबीचा डोंगर केलाय हितं. कोण गाढव होता कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "मी होतो."

1988 सालच्या हंगामात ऊस भरलेल्या बैलगाडीच्या कण्याचं टोक त्या दाराला घासून गेलं होतं. काकांनी गाडी आमच्याच गॅरेजात आणली, आपल्या गावचा पोरगा आहे म्हणून. उस्ताद नात्यातल्या लग्नाला मिरजेला गेलेले. आणि त्याच आठवड्यात मला गावाकडनं चिठ्ठी आली होती, वडील अंथरुणाला खिळले, ये. मी दार उतरवलं, पोचा ठोकून काढला, तर खालची कड आतनं गंजलेली. बोट लावलं की पत्रा भुसभुशीत. खरं काम दोन-तीन दिवसांचं. गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, तांबडं अस्तर द्यायचं, मग वर अगदी पातळ लांबी, ती घोटायची, मग रंग. माझं मन गावाकडं लागलेलं. मी गंज थोडा खरवडला आणि त्याच्यावर लांबी भरली. एकावर एक. घोटून गुळगुळीत केली आणि दुसऱ्या दिवशी रंगाचे हात मारून मोकळा झालो.

काकांनी दार बघितलं, हात फिरवला, आणि गॅरेजाच्या बिलाशिवाय पन्नासची नोट माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पोराचा हात हाय." त्या पन्नासातनं वडिलांची औषधं आली.

उस्ताद परत आले तेव्हा गाडी न्यायची राहिली होती. त्यांनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं. वरती पत्र्याचा आवाज आला, खाली मातीच्या भिंतीचा. माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पोरा, दाराला खालनं भोकं असत्यात. ती कशाला असत्यात?"

मला उत्तर आलं नाही. त्या संध्याकाळच्या एस.टी.ने मी गावाकडं आलो, वडील गेले, भावकीची वाटणी झाली, आणि मी परत उद्यमनगरात कामाला गेलोच नाही. ती गाडी मात्र रोज समोर. काका कुठं निघाले की ते दार माझ्या समोरनं जायचं, आणि मी उगाच खाली बघायचो.

उस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं रानात सापडलं. माझ्या चार एकरातल्या एका एकरात जमीन पांढरी फुटायला लागली. आमच्या तालुक्यात हे दुखणं जुनं आहे. उसाला पाटाने पाणी, पाण्यावर पाणी, खालनं निचरा नाही, मग क्षार वर येतात. मी तिथं युरिया वाढवला, कारखान्याची मळी टाकली, जिप्सम टाकलं. सगळं वरनं. एक वर्ष ऊस हिरवा दिसायचा, दुसऱ्या वर्षी परत पांढरं. शेवटी शेजारच्या चौघांनी मिळून जमिनीखालनं भोकाभोकांचे पाइप घातले, पाणी ओढ्याला काढून दिलं. तीन पावसाळे गेले तेव्हा रान हाताला आलं. त्या पाइपाच्या तोंडातनं पहिल्यांदा पाणी पडताना बघितलं आणि मला दाराची भोकं आठवली. काचेच्या रबरापासनं पावसाचं पाणी दारात उतरतंच, कुठल्याही गाडीत. ते खालच्या भोकांतनं निघून जावं म्हणून ती असतात. मी गंजावर नुसती लांबी भरली नव्हती, लांबीने ती भोकंही बुजवली होती. दार सडायला घातलं होतं.

भाचा म्हणाला, "मामा, तसंच राहू द्या. वरनं चमकवून देऊ. पुण्याचा माणूस काय दार फोडून बघणार हाय?"

मी सोप्यावर गेलो. काकी तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, पन्नासच्या नोटेसकट. त्यांनी सुपातनं मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "हे पाव्हण्यांना ते दार दावायचे. म्हणायचे, कुठं रंग मारलाय ओळखा. आमच्या गावचा हात हाय."

मला खाली बसावंसं वाटलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग आता कर की नीट. दाराची मजुरी मिळणार न्हाई मात्र."

दार उतरवलं. लांबी फोडली तेव्हा ती बोटभर जाड ढेकळं निघाली. आतनं गंजाचे पापुद्रे, ओली माती, आणि मूठभर चिंचेची पानं. खालचा चार बोटं पत्रा कापला, वेल्डरकडनं नवा जोडून घेतला, भोकं मोकळी ठेवली, आतनं अस्तर दिलं. ह्या वेळी लांबी इतकीच, की नखाने खरवडली तर अस्तर दिसावं.

बाकीची गाडी दरम्यान घोटून घेतली. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून जास्त नाही. कडांना आधी चिकटपट्टी लावली, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथं गेलं की क्षणात अस्तर दिसतं. कडा मी हाताने केल्या. दर थोड्या वेळाने यंत्र टेकवून आकडा बघायचो. पाखरांच्या घाणीने टपावर जे डाग खाल्ले होते त्यातले दोन खोल होते. भाचा म्हणाला, अजून मारू. मी म्हटलं, राहू दे. डाग काढायला रंग संपवायचा नसतो. बंपरच्या क्रोमवरचा बारीक गंज अॅल्युमिनियमची चांदी पाण्यात बुडवून चोळली तसा निघाला. रबरांना ग्लिसरीन. शेवटी मेण.

दाराला रंग जुळवताना पेंटवाल्याने डबीवरचा नंबर विचारला. मी त्याला नंबर दिला नाही, घोटलेलं पुढचं दारच नेऊन दाखवलं. रंग कारखान्यातला जुळवायचा नव्हता, चाळीस वर्षं ऊन खाल्लेला जुळवायचा होता. बराच जुळला. तरी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ते दार किंचित वेगळं दिसतं. ज्याला माहीत आहे त्याला दिसतं.

पुण्याचा माणूस रविवारी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टपात आपलं तोंड बघितलं. काही विचारायच्या आधीच मी त्याला डाव्या बाजूला नेलं. म्हटलं, "साहेब, सगळा रंग मूळचा. हे दार सोडून. हे मी बिघडवलं होतं, आत्ता मीच केलंय. खालचा पत्रा नवा हाय."

तो उकिडवा बसला. दाराखालनं बोट फिरवलं. भोकं मोजली. "कधी बिघडवलं होतं?"

"अठ्ठ्याऐंशी साली."

त्याने माझ्याकडं बघितलं, हसला नाही. किमतीत त्याने त्या दारापोटी थोडं कमी केलं. काकी "चालंल" म्हणाल्या.

निघायच्या आधी भाच्याने हौसेने गाडीवर परत पाणी मारलं. काकी पायरीवर उभ्या होत्या, गाडीला हळदकुंकू लावून आत गेल्या, वेशीपर्यंत आल्या नाहीत. मी मागनं चालत गेलो. रस्त्यावरच्या फुफाट्यात पाण्याचे थेंब पडत चालले होते. चारी दारांखालनं.