बार्शी लाइट, १:८७

आजोबांना या वयात खेळण्यातल्या आगगाडीचं वेड लागलंय, असा निरोप नागपूरपर्यंत पोचलाय म्हणे. खरं आहे, मंडळी. फक्त ‘खेळण्यातली’ म्हणू नका. ही मापात केलेली प्रतिकृती असते, आणि पहिल्याच पायरीवर अडायला होतं : स्केल कुठलं घ्यायचं?

स्केल म्हणजे आपलं नकाशाचं प्रमाणच. १:५०,००० च्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, हे शिकवण्यात माझी नोकरी गेली. तरी दरवर्षी कुणीतरी ‘आकडा मोठा म्हणजे चित्र मोठं’ म्हणायचाच! एचओ म्हणजे १:८७ आणि एन म्हणजे १:१६०, म्हणजे एन जवळजवळ निम्म्या मापाचं.

सगळे सांगतात, जागा बघून ठरवा. आमच्याकडे गॅलरीलगत चार फूट बाय अडीच फूट जागा आहे. हिने स्वतः टेप लावून दिली, ‘याच्यापुढे एक बोटही नाही.’ एचओच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या १८ इंच, म्हणजे नुसतं वर्तुळच तीन फुटांचं. एनचं पावणेदोन फुटांत बसतं. झालं, एन घ्यायचं!

पण भाच्याकडे एनचा आठ चाकांचा डबा रुळावर ठेवून पाहिला. सात चाकं बसली की आठवं उतरायचं. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत आणि उजवा हात हल्ली चहाचा कप धरतानाही जरा थरथरतो. जागा टेपने मोजता येते हो, हात अजून किती वर्षं साथ देईल ते कशाने मोजायचं?

यातून वाट निघाली ती गेजमुळे. स्केल वेगळं आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वेगळं. एचओचं गेज १६.५ मिलिमीटर, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी रुळांवरून काढलंय. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे आपली गाडी त्या रुळांवर अंग चोरूनच उभी राहणार. हे भागाकार करता करता बार्शी लाइट आठवली. १८९७ साली सुरू झालेली, पुढे पंढरपूरला गेलेली. कुर्डुवाडीला उतरून आई आम्हाला त्याच गाडीने पंढरपूरला न्यायची. आता तो मार्ग ब्रॉडगेज झालाय, पण तेव्हा रूळ ७६२ मिमीचे होते. भागिले ८७... ८.७६!

एनचे रूळ ९ मिमीचे. म्हणजे रूळ नि वळणं एनची, गाडी मात्र एचओच्या मापाची. युरोपातले नॅरोगेजवाले हेच करतात, त्याला एचओई म्हणतात.

आता एनच्या इंजिनाचा सांगाडा मागवलाय. वरचं इंजिन आणि डबे पुठ्ठ्याचे मीच करणार. १:८७ मध्ये माणूस दोन सेंटीमीटरचा होतो, एनमध्ये जेमतेम एक. दोन सेंटीमीटरच्या बाईला हिरवं लुगडं मला अजून रंगवता येईल.

कुर्डुवाडी-पंढरपूरच्या त्या डब्यांचे जुने फोटो कुणाच्या अल्बममध्ये असतील तर पाठवा. खिडक्या मोजायच्या आहेत.