परदेशातील कायद्याचे शिक्षण आणि आपली परभणी

परदेशात जाऊन फौजदारी न्यायव्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणारे काही माजी विद्यार्थी अलीकडे माझ्याकडे सल्ला मागतात. ‘तिकडचा कायदा शिकून इकडे काय उपयोग?’ हा त्यांच्या पालकांचा प्रश्न असतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून त्याचे उत्तर मी बाबासाहेबांच्या जीवनात शोधतो.

१९१६ मध्ये बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून बचत करून, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले व १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ‘देशाचे दुश्मन’ खटल्याच्या अपिलात त्यांनी १९२६ मध्ये पुण्यात जेधे, जवळकर प्रभृतींचा बचाव करून त्यांना सोडविले.

पुढे संविधानसभेत अमेरिकेतील ‘ड्यू प्रोसेस’चे तत्त्व व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून वगळले गेले. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, यांपैकी बरेचसे फौजदारी प्रक्रिया संहितेत होतेच. परंतु संहिता कायदेमंडळ साध्या बहुमताने बदलू शकते. मूलभूत हक्क तसा बदलता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवाद मात्र त्याच कलमात राहिला. ते काम अपुरेच आहे.

परभणीकरांना या कलमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी येथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांच्या मातेच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एका आईला एवढ्यासाठी सात महिने न्यायालयाची पायरी झिजवावी लागली.

इंग्लंडमध्ये कोठडीतील मृत्यूची कॉरोनरपुढे खुली चौकशी होते. ती कशी चालते, कुठे कमी पडते, हे आपल्या मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. पालकांनो, मुलामुलींना जाऊ द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, शिकून परत या. परभणीच्या न्यायालयात आपल्या माणसांना वकील हवा आहे.

जय भीम!