उद्याच्या मालाचे पैसे

त्रासाची नोकरी सोडण्याचा प्रश्न मराठी मध्यमवर्गात बहुधा धैर्याचा किंवा स्वभावाचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो; प्रत्यक्षात तो आधी रोख रकमेचा आणि मग मुदतीचा प्रश्न असतो, आणि या दोहोंपैकी मुदतीकडे होणारे दुर्लक्ष अधिक महागात पडते, असे प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवावरून दिसते. हा अनुभव पुण्यात महात्मा फुले मंडईच्या परिसरात राहून शहराच्या पूर्व टोकाच्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काही वर्षे केलेल्या नोकरीचा आणि ती २०२४ मध्ये ठरवून सोडल्याचा आहे.

अशा नोकरीला हल्ली सर्रास ‘टॉक्सिक’ म्हटले जाते, म्हणून या विशेषणाची व्याप्ती आधी ठरवून घेतलेली बरी. केवळ कामाचा बोजा म्हणजे टॉक्सिकपणा नव्हे. मार्चअखेरीस हिशेबनीसाला रात्रीचे दहा वाजणे कोणालाच नवे नसते. जेथे रजेचा अर्ज मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही, जेथे चुकीचा ठपका बैठकीत सर्वांदेखत ठेवला जातो पण चूक आपली नव्हती हे सिद्ध झाल्यावर त्याची नोंद कोठेच होत नाही, आणि जेथे रात्री अकरानंतर व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या संदेशाखाली ‘ओके सर’ न लिहिणाऱ्यांची यादी सकाळी त्याच गटावर टाकली जाते, तेथील त्रास कामाच्या प्रमाणाशी नव्हे तर अधिकाराच्या वापराशी संबंधित असतो. अशा त्रासावर कायद्याचा उपाय तोकडा आहे. दुकाने व आस्थापना यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातलेली होती, परंतु व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदे त्या कायद्यातून वगळता येतात, आणि कचेऱ्यांत ‘मॅनेजर’ हे पद किती सढळ हाताने वाटले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे दाद मागता येते. रोजच्या पाणउताऱ्यासाठी मात्र तसा स्वतंत्र कायदा नाही. २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर चर्चिले गेले, त्यामागे ही पोकळीही होती.

अशा स्थितीत राजीनामा तोंडावर फेकून यावा असे ज्याला वाटत नाही असा नोकरदार विरळा, आणि तसे करणाराही विरळाच, कारण पगाराच्या खात्यातून पाच तारखेला घरकर्जाचा हप्ता वळता होतो व त्यामागोमाग शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि थोरांची औषधे येतात. पगारदाराच्या घरात पैसा येतो तो सगळा एकाच जातीचा असतो. त्यातला किती खायचा आणि किती राखायचा हे ठरवणारी रेघ पगारपत्रकात नसते. ही रेघ कशी मारतात, हे लेखिकेने गुंतवणूक सल्लागाराकडून नव्हे तर भाजीच्या गाळ्यावरून शिकून घेतले.

मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून खुली झाली. तिच्यावर इतका पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असा आग्रह जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना धरला होता, आणि पुढे तिला नाव मिळाले ते त्यांचेच. आधी कशावर खर्च करायचा हा वाद या वास्तूला जन्मापासून चिकटलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यापासून येथील किरकोळ विक्रेते पहाटे तेथून माल उचलतात व दिवसभर गाळ्यावर बसून विकतात. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एखादी मावशी गोणपाटाखालचा गल्ला मांडीवर घेते, नोटा चापून सरळ करते, आणि घरचे काही आठवण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या खरेदीपुरती रक्कम मोजून रुमालात बांधते व कनवटीला लावते. हे भांडवल. त्यानंतर पिग्मीवाला येतो, म्हणजे बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या वतीने गाळ्यागाळ्यावरून रोजची लहान रक्कम गोळा करणारा प्रतिनिधी. १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढील सिंडिकेट बँकेने, रोज दोन आणे जमा करण्याची जी योजना काढली तिचेच हे रूप आहे. पिग्मी देऊन झाल्यावर जे उरते ते घरी जाते. भाजी कुजली, पाऊस लागला, गिऱ्हाईक फिरकले नाही, तर घरी जाणारी रक्कम घटते. रुमालातली घटत नाही, कारण ती घटली तर उद्या गाळा रिकामा राहणार. लेखिकेने एकदा विचारले असता मावशींनी या शिस्तीला बचत म्हणण्यास साफ नकार दिला. त्यांच्या लेखी ते उद्याच्या मालाचे पैसे होते, आणि जे आपले नाहीतच ते वाचवणार कसे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

पगार नसलेल्या महिन्यांचा घरखर्च हा आपला ‘उद्याचा माल’ मानून लेखिकेने त्याच्या रकमेची गणती केली. तिच्यात केवळ न टळणारा खर्च धरला: हप्ता, किराणा, वीज, फी, औषधे, विमा. सणाची खरेदी आणि प्रवास यांना त्यात जागा नव्हती. पगार जमा होताच ठरलेली रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्यात जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्या खात्याचे डेबिट कार्ड घेतलेच नाही. शेजारणींच्या भिशीतून मात्र अंग काढून घेतले; दरमहा सर्वांनी सारखी रक्कम काढून ती चिठ्ठीत नाव निघेल त्याला द्यायची, ही पद्धत लग्नकार्याला सोयीची असली तरी आपली चिठ्ठी कोणत्या महिन्यात निघेल यावर राजीनाम्याची तारीख टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

पैसे ठेवायचे कोठे, हा प्रश्न पुणेकराला गौण वाटत नाही. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला; मधल्या काळात स्वतःच्याच ठेवीसाठी अर्ज करत फिरणारी माणसे पेठापेठांतून दिसत असत. ठेव विम्याचे संरक्षण आज प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत मिळते, फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखच होते, आणि पतसंस्था या विम्याच्या कक्षेत येतच नाहीत. म्हणून लेखिकेने दोन-तीन टक्के जादा व्याजाचा मोह सोडून रक्कम दोन बँकांत विभागली, आणि ती एका मोठ्या ठेवीत न अडकवता वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपणाऱ्या लहान ठेवींत ठेवली.

याहून अधिक विचार आरोग्य विम्याचा करावा लागला. कंपनीचा समूह विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर सहसा संपतो, आणि नव्या वैयक्तिक विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. सबब स्वतंत्र विमा राजीनाम्यानंतर नव्हे तर बराच आधी घेणे भाग होते. उपदान, ज्याला सगळे ग्रॅच्युइटीच म्हणतात, त्यासाठी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची सलग सेवा लागे. उपदानाचा हिशेब साधा होता: मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागून १५ ने गुणायचे, म्हणजे २६,००० रुपयांवर सेवेच्या दर वर्षामागे १५,००० रुपये पडत. भविष्य निर्वाह निधी मात्र गणतीत धरलाच नाही. तेव्हाच्या नियमानुसार बेकारीच्या एका महिन्यानंतर त्यातील पंचाहत्तर टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेली रक्कम काढता येत असे; ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने पूर्ण रक्कम काढण्याची ही दोन महिन्यांची मुदत बारा महिने करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे त्या पैशावर विसंबून राजीनामा लिहिणाऱ्यांना आपले गणित पुन्हा मांडावे लागेल.

एवढे सगळे जुळले की माणूस बाहेर पडतो असे नाही, आणि नियोजनावरील लेखनात याच टप्प्याकडे काणाडोळा केला जातो. सहा महिन्यांचा खर्च जमला की नऊ महिन्यांचा असावा असे वाटते, नऊ झाले की वार्षिक बोनस दिसू लागतो, बोनस हाती पडला की पगारवाढीचे पत्र येण्याच्या बेतात असते. सुटकेसाठी जमवलेला पैसा अशा रीतीने थांबण्याचे कारण होऊन बसतो आणि त्याची किंमत झोप व रक्तदाब यांतून वसूल होते. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे मांडले. शिल्लक वाढवणारा प्रत्येक जादा महिना या बाजूनेही मोजायला हवा. मंडईत हा पेच उद्भवत नाही, कारण रुमालातल्या पैशाची तारीख ठरलेली असते: उद्या पहाट. लेखिकेने म्हणून रकमेशेजारी तारीख लिहिली, ती घरच्यांना सांगितली, आणि त्या तारखेला रक्कम थोडी कमी भरत असली तरी राजीनामा द्यायचा असे ठरवले.

तारीख ठरल्याचा परिणाम राजीनाम्याच्या आधीच दिसला. रात्रीच्या संदेशांना सकाळी उत्तर जाऊ लागले, आणि ज्या तपशिलावर सही करणे हिशेबनीसाला शोभत नव्हते तो तपशील परत पाठवला गेला. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यापासून प्रत्यक्ष मुक्त होईपर्यंतचा करारातील काळ, सर्वांत कठीण गेला. अंतिम हिशेब आणि अनुभवपत्र हाती पडेपर्यंत प्रत्येक बोलणे ई-मेलवर ठेवण्याची खबरदारी घ्यावी लागली.

नोकरीनंतर लेखिकेने तुळशीबागेच्या आसपासच्या भांडी व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे घेतली; ताजी भाजी त्या करातून मुक्त असल्यामुळे गाळेवाल्यांकडून या बाबतीत मिळकत होण्याचा संभव नव्हता. उत्पन्न पगारापेक्षा कमी आणि अनियमित राहिले. दिवाळीनंतरच्या मंदीत मुदत संपलेली पहिली ठेव पुन्हा न गुंतवता खर्चाला काढावी लागली, आणि वार्षिक विवरणपत्रांच्या कामाचे पैसे आल्यावर घरात काही नेण्याआधी तेवढी रक्कम त्या खात्यात परत भरण्यात आली.