ब्रेनरचा घाट आणि दोन सायकली

ऑस्ट्रियांतील इन्सब्रुकहून इटलींत जातांना ब्रेनरचा घाट लागतो. उंची सुमारें १३७० मीटर. चिरंजीवांच्या मोटारीमागें जोडलेल्या फिरत्या घरासह आम्हीं तो ओलांडला. सोबत विजेवर चालणाऱ्या दोन सायकली, एकेक २५ किलोंच्या घरांतली. त्या घराच्या पाठीस टांगाव्या, असें चिरंजीवांचें मत. आम्हांस तें पटेना. आंसाच्या फार मागें भार पडला, म्हणजे मोटारीच्या आकड्यावरील दाब घटतो आणि उतारावर घर शेपटासारखें डुलूं लागतें. मोटारहि मग हातीं राहत नाहीं. शेवटीं बॅटऱ्या काढून आंत ठेविल्या, सायकली पुढल्या दांड्यावरील चौकटीस पट्ट्यांनीं आवळल्या व कुलूप घातलें. तेथें दाब वाढतो. तोहि मर्यादेंत आहे ना, हें तोलून पाहिलें. इटलींत पाठीमागें बाहेर आलेल्या सायकलींस तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची चौरस पाटी लागते. तो खर्चहि वांचला! उतरणीवर घर मुकाट्यानें मागें येत होतें. चिरंजीव मात्र दर थांब्यास उतरून पट्टे चांचपीत.