चिलमीचे हसू

आमच्या धाराशिवकडला तमाशातला सोंगाड्या शुद्धीवर राहूनच वेडा होतो. म्हणून पुतण्याने ‘अप इन स्मोक’ हा 1978 चा अमेरिकन चित्रपट लावला, तेव्हा मी जरा नाक मुरडूनच बसलो. चीच आणि चाँग हे दोघे गांजेकस. त्यांची गाडीच मुळी गांजाची घडवलेली. तिच्यात बसून ते मेक्सिकोची सरहद्द ओलांडतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो! मागे लागलेले पोलीस तर त्यांच्याहून भ्रमिष्ट. मला 1975 चा ‘पांडू हवालदार’ आठवला. दादा कोंडक्यांनीही वर्दीची अशीच गंमत केली होती, आणि तीही चिलमीवाचून.

चिलमीचे हसू मात्र मला परके नाही. आमचे धाकटे चुलते तुळजापूरच्या वाटेवर बैराग्यांत जाऊन बसत. संध्याकाळी ओसरीवर ते एकटेच खदखदत, आणि चुलती आत भाकरी थापत राही; थापण्याचा आवाज तेवढा वाढे. पडद्यावरचे दोघे तसेच खदखदू लागले. पुतण्या गडबडा लोळला. मीही हसलो, हो! चुलती असती, तर तिने उठून दिवा लावला असता.